पद्मिनीचं वायरिंग उपटण्याआधी अर्थिंग मोजा

तुम्ही लिहिलंय की म्हापशाजवळ पडवीत ६ वर्षं उभ्या असलेल्या प्रीमियर पद्मिनीत नवी बॅटरी टाकली, तरी सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) नुसता ‘टक्’ करून गप्प होतो, हेडलाइट पिवळट लागतात आणि उजवा इंडिकेटर दिला की मागचे सगळे दिवे मिणमिणतात. इलेक्ट्रिशियन म्हणतो, अख्खं वायरिंग आणि सेल्फ बदला. तूर्त दोन्ही बदलू नका. ही तिन्ही लक्षणं बहुतेक एकाच दुखण्याची आहेत: करंटला बॅटरीकडे परतायची वाट, म्हणजे ‘अर्थ’ (अर्थिंग), नीट मिळत नाहीये.

गाडी छपराखाली होती म्हणून कोरडी राहिली असं समजू नका. आपल्याकडच्या हवेतलं मीठ धातूवर बसतं आणि तेच मीठ दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. लग (वायरच्या टोकाचा धातूचा तुकडा) आणि पत्रा यांच्यामध्ये गंजाचा थर धरतो. बाहेरून बोल्ट घट्ट दिसतो, मीटरवर ओहम मोजले तर जवळजवळ शून्य येतात, आणि तरीही जोड निकामी असतो. कारण मीटर मोजताना नाममात्र करंट सोडतो आणि सेल्फ शंभराहून जास्त अँपिअर मागतो. म्हणून असे जोड लोड देऊनच तपासायचे.

त्याआधी एक खबरदारी. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि तिचा लग व बॅटरीचा खांब यांच्यामध्ये २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोडा. सगळे स्विच बंद, दारं बंद. बल्ब लागता कामा नये. लख्ख लागला तर कुठेतरी शॉर्ट आहे. उंदरांनी कुरतडलेली वायर किंवा बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनमोच्या कटआउटचे (डायनमो बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचचे) चिकटलेले पॉइंट हे नेहमीचे दोन गुन्हेगार. हे निस्तरेपर्यंत बॅटरी थेट जोडायची नाही. टाकीतलं जुनं पेट्रोलही आधीच काढून टाका, ठिणगीशेजारी ते नको.

आता मोजमाप. बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्ट दाखवायला हवी. नवी असली तरी दुकानात पडून उतरलेली असू शकते. स्पार्कसाठी लागणाऱ्या कॉइलची इग्निशनची वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लँपवर नव्हे, खुद्द शिशाच्या खांबावर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. कुणालातरी ३-४ सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. १-२ व्होल्ट दिसले तर अर्थ गेलाय. मग तसंच पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा मोठा बोल्ट मोजा, तिथे ०.५ च्या वर नको. सेल्फ मारताना बॅटरीच ९.६ च्या खाली गेली तर ती पूर्ण चार्ज करून पुन्हा बघा, तरीही तेच असेल तर दोष बॅटरीचा. दोन्हीकडचा ड्रॉप (मीटरवर दिसलेले व्होल्ट) कमी, बॅटरीही टिकून, आणि तरी ‘टक्’ आलं, तरच सेल्फ खोला.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली पट्टी हाच त्याचा खरा अर्थ. ती तुटली की सेल्फचा करंट चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल तापते, कधी धूरही येतो. पट्टी हिरवी पडली असेल तर सरळ नवी लावा. बाकीचे जोड उघडून लग आणि पत्रा दोन्ही १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, आवळा, आणि मगच वर व्हॅसलीन. आधी ग्रीस चोपडून वर बोल्ट कसणं म्हणजे गंज झाकणं. वायरचं टोक सोलल्यावर तांबं काळं निघालं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा. १०-१५ सेंटीमीटरनंतरही काळंच असेल तर तेवढी एक वायर बदला, अख्खं जाळं नव्हे.

इंडिकेटरबरोबर मागचे दिवे मिणमिणतात ते मागच्या दिव्याच्या अर्थमुळे. बॉडीकडे जायची वाट बंद, म्हणून करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून परततो. होल्डरमधून बॉडीला तात्पुरती वायर लावून बघा, मिणमिणणं थांबलं की निदान पक्कं.

फ्यूज लांबट, चिनीमातीचे असतील तर पांढरा ८ अँपिअरचा, तांबडा १६ चा. फ्यूज शाबूत आणि पुढे करंट नाही, तर दोष क्लिपच्या टोकांचा. घासा आणि क्लिप जरा आत दाबा. सिगारेटच्या पाकिटाची चंदेरी गुंडाळू नका. हॉर्न मुका असेल तर आधी तोंडात डोकवा, कुंभारणीचं मातीचं घर सापडतं.

सेल्फ फिरू लागला पण स्पार्क नाही, तर कॉइल विकत आणण्याआधी सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) बघा. नुसत्या उभ्या गाडीतही त्यांच्यावर न दिसणारा थर बसतो. बारीक पॉलिश पेपर, मग कोरा कागद पॉइंटमधून ओढायचा. गॅप साधारण ०.४ मिलिमीटर. तपासताना इग्निशन चालू ठेवून जेवायला जाऊ नका, पॉइंट मिटलेले असले तर कॉइल भाजते.

इंजिन चालल्यावर, थोडा रेस दिला की बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. नसतील तर गाडीला डायनमो आहे की अल्टरनेटर तेही लिहा, कारण पुढचा मार्ग वेगळा आहे: डायनमोत अडकलेले ब्रश आणि विरलेलं चुंबकत्व बघावं लागतं, अल्टरनेटरमध्ये आधी डॅशवरचा लाल चार्जिंग दिवा. तो बल्ब गेला असेल तर अल्टरनेटर चांगला असूनही चार्जिंग सुरूच होत नाही.