वडील कोरोना पॉझिटिव्ह होते, कागदावर मात्र आधी 'न्यूमोनिया' लिहिलंय. मग कोविड मृत्यूत धरतील का?

धरतील. डॉक्टर भरतात त्या नमुना ४ मध्ये (मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला) वरच्या ओळीत तात्काळ कारण असतं, खाली मूळ कारण. मोजणी मूळ कारणावर होते. तिथं कोविड असेल तर आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला संकेतांक यू०७.१ लागतो. शुगर, बीपी दुसऱ्या भागात, सोबतचे आजार म्हणून. सप्टेंबर २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार चाचणीपासून ३० दिवसांत घरी वारलेला रुग्णही धरतात (अपघात, खून सोडून).

खरी गळती वेगळीच. आमच्या परभणीकडं चाचणी न होताच आखाड्यावर (शेतातल्या घरी) वारलेला माणूस ग्रामपंचायतीच्या नोंदीत येतो, कोविडच्या यादीत नाही. म्हणून नेहमीपेक्षा किती मृत्यू जादा झाले तेही पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२०-२१ साठी भारताचा असा अंदाज सुमारे ४७ लाख आहे, सरकारी आकड्याच्या जवळपास दहापट. केंद्राला तो मान्य नाही.