युद्धात जखमी साथीदारांना वाचवणाऱ्या सैनिकाचा कोणता प्रसंग तुमच्या मनात घर करून आहे?

माझ्यासाठी एकच: शिपाई नामदेव जाधव यांच्या दोन खेपा.

नामदेव नगर जिल्ह्यातल्या निमजचे. वय तेवीस. मराठा लाइट इन्फन्ट्रीत कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. हल्ल्यात त्यांची जागा कंपनी कमांडरच्या सोबत.

९ एप्रिल १९४५ ची संध्याकाळ, उत्तर इटलीतली सेनिओ नदी. नदी कसली, आपल्याकडे ओढाच म्हणतील: पात्र १५ फूट, पाणी ४-५ फूट. पण दोन्ही काठांना ३० ते ३५ फूट उंच, उभे पूरबांध, आणि ते पोखरून जर्मनांनी मोर्चे, म्हणजे लपून गोळीबार करायच्या जागा, केलेले. पूर्वेकडच्या बांधाच्या आतल्या उतारावर सुरुंग, त्यांच्या वर मशीनगनी. कमांडरसोबतची माणसं पाण्यातून पश्चिमेच्या काठाला लागली आणि मागच्या पूर्व बांधावरच्या निदान तीन मोर्च्यांतून एकदम मारा सुरू झाला. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. बाकीचे सगळे मारले गेले. धड राहिले ते एकटे नामदेव.

त्यांनी एका जखमीला उचललं आणि खोल पाण्यातून, बांधाच्या उभ्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोचवलं. मग दुसऱ्यासाठी परत गेले. दोन्ही वेळा मॉर्टर आणि मशीनगनचा मारा चालूच होता.

मी याच रेजिमेंटमध्ये नोकरी केली. बेळगावच्या सेंटरला रंगरूट असताना उस्ताद आम्हाला जोडीदार खांद्यावर घेऊन पळवायचे. कोरडं मैदान, खांद्यावरचा गडी धडधाकट, स्वतःचा तोल स्वतः सांभाळणारा. तरी थोड्या अंतरातच मांड्या थरथरायला लागायच्या. जखमी माणूस अंग सोडून देतो. त्याचं वजन दुप्पट वाटतं. त्यात कपडे पाण्याने भिजलेले, बूट ओले आणि समोर तीन मजली घराएवढा चढ. हे मनात आणलं की आजही माझे खांदे भरून येतात.

पहिली खेप माणूस रक्ताच्या उसळीत करून जाईल. दुसरीला निघताना त्या वाटेवर काय आहे ते सगळं त्यांना ठाऊक होतं. म्हणून मला ती दुसरी खेप सगळ्यांत मोठी वाटते.

लोक सहसा यापुढचा भाग रंगवून सांगतात, आणि तो आहेच तसा. नामदेव तिसऱ्यांदा पुढे गेले आणि टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, सर्वांत जवळचा मोर्चा गप्प केला. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले. आणखी दोन मोर्चे उडवले. मधे बॉम्ब संपले तर सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या साथीदारांकडून नवे आणले. शेवटी मॉर्टर पडत असताना बांधावर उघड्यावर उभं राहून पलटणीची शिवाजी महाराजांच्या नावाची गर्जना दिली आणि उरलेल्यांना हात करून बोलावलं.

त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला. त्याच संध्याकाळी त्याच नदीवर फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदर यांनीही तो मिळवला. जाधव युद्धातून जिवंत परतले आणि १९८४ साली पुण्यात वारले.

पदकाच्या साइटेशनमध्ये, म्हणजे शौर्याच्या अधिकृत वर्णनात, त्या दोघा जखमी जवानांची नावं मात्र दिलेली नाहीत. कुणाच्या घरात आजोबा-पणजोबांकडून ही हकिकत ऐकलेली असेल, तर मला जरूर सांगा.