वाचकांचे प्रश्न : गार पाणी गारच परत येतंय?

प्रश्न : आमच्या ऑफिस इमारतीत १५० टनांचे (टन हे गारव्याच्या क्षमतेचं माप) दोन वॉटर-कूल्ड चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणारी यंत्रं, आहेत. पाणी ७ अंशांवर जाऊन १२ अंशांवर परत यावं असं डिझाइन आहे. येतं मात्र ९.५ अंशांवर. मे महिन्यात दोन्ही चालवूनही वरचे मजले तापतात. ठेकेदार तिसरा चिलर सुचवतो. घ्यावा का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : इतक्यात मुळीच नको. आधी थर्मामीटर तपासा आणि इव्हॅपोरेटरच्या (चिलरमध्ये पाणी गार होतं तो भाग) दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक उत्पादकाच्या तक्त्याशी ताडून पहा. त्यावरून कळणारा पाण्याचा प्रवाह पूर्ण भरला, तर ५ ऐवजी २.५ अंशांचा फरक म्हणजे प्रत्येक चिलर ७५ टनांचंच काम करतोय. मशीन कमी पडत नाही. पाणी उष्णता न उचलताच परततंय. तिसरा चिलर त्याच्या पंपासह आणखी पाणी फिरवेल, बस्स.

एखादा एएचयू (गार पाण्याच्या कॉइलवरून हवा फिरवून मजला थंड करणारं युनिट) बंद करा आणि पंधरा मिनिटांनी त्याचा परतीचा पाइप पहा. गारच असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही किंवा थ्री-वे व्हॉल्व्ह पाणी बायपास करतोय, म्हणजे कॉइल टाळून थेट परत पाठवतोय. चालू एएचयूंच्या कॉइलवर जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्याचं तापमान मजलावार लिहून काढा. फरक कमी दिसेल तिथे फिल्टर चोंदलेला, कॉइल मळलेली किंवा पंख्याचा बेल्ट सैल असतो. खालचे, पंपाजवळचे एएचयू जादा पाणी ओढतात, म्हणून वरचे उपाशी राहतात; खालच्या एएचयूंचे बॅलन्सिंग व्हॉल्व्ह (प्रवाह ठरवणारे) आवळा.

मग थ्री-वेच्या जागी टू-वे व्हॉल्व्ह (बायपास न करता फक्त प्रवाह कमी-जास्त करणारे) घाला, पण पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) लावूनच. नाहीतर व्हॉल्व्ह मिटताच दाब चढतो आणि ते पुन्हा गळू लागतात. दाबाचा सेन्सर पंपाशेजारी नको, शेवटच्या एएचयूजवळ हवा. ५० ऐवजी ४० हर्ट्झवर पंपाची वीज हिशेबाने निम्म्यावर येते. मात्र चिलरचा किमान प्रवाह बायपासने राखा; तो घसरला तर ट्यूबमध्ये पाणी गोठून ट्यूब फुटते.

प्रश्न : कूलिंग टॉवरला (चिलरची उष्णता बाहेरच्या हवेत सोडणारा टॉवर) बोअरचं पाणी वापरतो. कंडेन्सरचं (चिलरची उष्णता टॉवरच्या पाण्याला देणारा भाग) डीस्केलिंग, म्हणजे साचलेले क्षार काढणं, किती महिन्यांनी करावं?

उत्तर : महिने मोजू नका. चिलर पूर्ण भारावर असताना पॅनेलवरच्या कंडेन्सिंग तापमानातून कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान वजा करा. ट्यूब स्वच्छ असतानाचा आकडा नोंदवून ठेवा. त्यावर दोन अंश चढले की नायलॉन ब्रश फिरवा. क्षार घट्ट बसले असतील तरच इन्हिबिटर (धातूला अॅसिडपासून वाचवणारं रसायन) घातलेलं अॅसिड वापरा. सोबत सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा घालवणारं यंत्र) आणि टीडीएसवर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) चालणारा ब्लोडाउन व्हॉल्व्ह (क्षार वाढलेलं पाणी बाहेर सोडणारा) बसवा, नाहीतर क्षार पुन्हा साचतील.