सिम्बॉल रेटला ‘वेग’ म्हणावे का?

प्रश्न : डीडी फ्री डिशच्या सेटिंगमध्ये फ्रिक्वेन्सी ११०९०, सिम्बॉल रेट २९५०० असे भरतात. सिम्बॉल रेट म्हणजेच बिटरेट का? मराठीत ‘प्रक्षेपणाचा वेग’ म्हटलेले चालेल?

उत्तर : दोन्ही वेगळे. बिटरेट म्हणजे सेकंदाला जाणारे बिट, सिम्बॉल रेट म्हणजे सेकंदाला जाणारे सिम्बॉल. ‘वेग’ तर मुळीच नको; आकडा वाढवला की चित्र सुधारेल, असा समज त्यातूनच होतो. लिहिताना ‘चिन्हदर’ नेमका आहे, बोलताना सिम्बॉल रेटच बरा.

सिम्बॉल म्हणजे लहरीची एक ठरावीक अवस्था. क्यूपीएसके या मॉड्युलेशनच्या, म्हणजे लहरीवर माहिती चढवण्याच्या, पद्धतीत लहरीची कला, म्हणजे फेज, ४५, १३५, २२५ किंवा ३१५ अंशांवर असते. चारांतली एक निवडायची म्हणजे दोन बिट झाले. २९५०० हा आकडा किलोसिम्बॉलचा, म्हणजे सेकंदाला २ कोटी ९५ लाख सिम्बॉल आणि ५९ मेगाबिट. एफईसी, म्हणजे चूक-दुरुस्तीचे प्रमाण, ३/४ असेल तर दर चार बिटांतला एक चुका दुरुस्त करण्यात जातो, उरले ४४.२५. त्यावर रीड-सॉलोमन हे चूक-दुरुस्तीचे दुसरे संकेतन २०४ बाइटांतले १८८च कामाचे ठेवते. हाती येतात सुमारे ४०.८ मेगाबिट, आणि त्या ट्रान्सपाँडरवरचे (उपग्रहावरच्या त्या फ्रिक्वेन्सीच्या प्रक्षेपकावरचे) सगळे चॅनेल तेवढ्यातच बसवायचे.

केबलवर सिम्बॉल रेट बहुधा ६८७५ दिसतो. पाव हिश्श्याहूनही कमी! पण तिथे ६४ क्वाम ही ६४ अवस्थांची पद्धत असते, एका सिम्बॉलमागे सहा बिट, त्यामुळे रीड-सॉलोमन वजा जाता ३८ मेगाबिट मिळतातच. तारेत गोंगाट कमी, म्हणून इतक्या जवळजवळच्या अवस्था ओळखता येतात. उपग्रहाच्या क्षीण सिग्नलला ते झेपत नाही. ८पीएसकेचे, म्हणजे आठ कलांच्या पद्धतीचे, तीन बिटसुद्धा अधिक स्वच्छ सिग्नल मागतात. एफईसी सारखाच असेल तर मुसळधार पावसात क्यूपीएसकेच्या आधी ८पीएसकेचेच चॅनेल जातात.

सेटिंगमध्ये नेहमी होणारी चूक म्हणजे बॉक्समध्ये आधीपासून असलेला २७५०० तसाच राहणे. मग स्ट्रेंग्थची पट्टी भरलेली दिसते, कारण ती फक्त येणारी ताकद मोजते. क्वालिटी मात्र शून्य, कारण बॉक्स सिम्बॉल चुकीच्या क्षणी वाचतो. अशा वेळी डिश हलवू नका, आधी आकडा तपासा.

मॉड्युलेशनला परिभाषेत ‘विरूपण’ आहे. पाठ्यपुस्तकात ते ठीक, पण डिश बसवणाऱ्याला ते बिघाडासारखे ऐकू येईल. त्याच्यासाठी मॉड्युलेशनच लिहा. आणि तक्त्यांत ‘२९५०० केबीपीएस’ छापलेले दिसते, ते सरळ चूक आहे. केबीपीएस म्हणजे सेकंदाला किलोबिट; इथे ‘केएसपीएस’, म्हणजे सेकंदाला किलोसिम्बॉल, हवे.