जलप्रलयाच्या कथा: वाचकांच्या शंका आणि उत्तरे

प्रश्न: बायबलातील नोहाची गोष्ट बॅबिलोनियातील त्याहून जुन्या कथेवरून आली, असे वाचनात आले. दोन कथा सारख्या आहेत एवढ्यावरून एक दुसरीतून निघाली, असे कसे ठरवता येते?

उत्तर: आपली शंका रास्त आहे, कारण नुसते साम्य हा पुरावा नव्हे. पूर आला, सगळे बुडाले आणि एक जण नावेत बसून वाचला, इतपत गोष्ट नदीकाठी राहणारे कोणतेही दोन समाज एकमेकांचे तोंडही न पाहता रचू शकतात. म्हणून अभ्यासक कथेचा सांगाडा बाजूला ठेवून असे बारीक तपशील शोधतात, जे गाळले तरी कथेचे काही अडले नसते.

बॅबिलोनियातील गिल्गमेश महाकाव्याच्या अकराव्या मृत्तिकापटावर प्रलयातून वाचलेला उत्नपिश्तिम आपली हकीकत सांगतो. नाव निमुश डोंगरावर अडकली आणि सातव्या दिवशी त्याने कबुतर सोडले. बसायला जागा न मिळाल्याने ते परत आले. मग पाकोळी सोडली, तीही परतली. शेवटी डोमकावळा सोडला. त्याला पाणी ओसरलेले दिसले, खायला मिळाले आणि तो परतला नाही. नोहा आधी डोमकावळा सोडतो आणि नंतर कबुतर, तेही पुन्हा पुन्हा. क्रम बदलला आहे, पण जमीन उघडी पडली की नाही हे पक्षी सोडून पाहण्याची युक्ती तीच आहे. नावेबाहेर आल्यावर दोघेही बळी अर्पण करतात आणि दोन्हीकडे त्याचा सुवास वर पोहोचतो. बॅबिलोनी कवी मात्र देवांची फारशी भीड ठेवत नाही. प्रलयात माणसांकडून मिळणारे अन्न बंद झाल्याने भुकेलेले देव यज्ञकर्त्याभोवती माशांसारखे जमले, असे तो सरळ लिहितो.

याहून बोलका पुरावा एका शब्दात आहे. नोहाला तारू आतून-बाहेरून डांबराने माखायला सांगितले आहे. तेथे डांबरासाठी आलेला ‘कोफेर’ हा शब्द या अर्थाने हिब्रू बायबलात अन्यत्र कोठेही येत नाही. बाळ मोशेच्या टोपलीला डांबर फासण्याचा प्रसंग आहे, पण तेथे शब्द वेगळे आहेत. बॅबिलोनियाच्या अक्कडी भाषेत डांबराला ‘कुप्रु’ म्हणतात आणि उत्नपिश्तिमच्या नावेला तेच लावलेले आहे.

आता कोणी कोणाकडून घेतले, हा प्रश्न उरतो. तो काळावरून सुटतो. अत्राहसिस या बॅबिलोनी काव्याची उपलब्ध प्रत इ. स. पूर्व सतराव्या शतकातील आहे, तर नोहाची गोष्ट सांगणारे बायबलातील ‘उत्पत्ती’चे पुस्तक त्यानंतर कित्येक शतकांनी आकाराला आले. गिल्गमेशमधली प्रलयकथाही मूळची त्या काव्याची नाही, ती अत्राहसिसच्या कथेवरून घेतलेली आहे. याची खूण लेखकाने नकळत मागे ठेवली असून उत्नपिश्तिमचा उल्लेख करताना मध्येच ‘अत्राहसिस’ हे जुन्या काव्याच्या नायकाचे नाव तसेच राहून गेले आहे. उसनवारी सिद्ध करायला अशा चुकीइतका भरवशाचा साक्षीदार क्वचितच मिळतो.

हे सारे उजेडात आणणारा जॉर्ज स्मिथ मुळात नोटांच्या छपाईसाठी खोदकाम शिकलेला कारागीर होता. फावल्या वेळात या मृत्तिकापटांवरची कीलाकार लिपी शिकून तो ब्रिटिश म्युझियममध्ये आला. निनवे येथील असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयातून आलेल्या फुटक्या मृत्तिकापटांवर त्याला ही कथा सापडली आणि 3 डिसेंबर 1872 रोजी त्याने ती लंडनच्या सभेत वाचून दाखवली.

तरीही केवळ उसनवारीवर बोट ठेवून थांबले, तर हाती अर्धेच सत्य येते, असे मला वाटते. अत्राहसिसमध्ये प्रलयाचे कारण पाप नाही. माणसे इतकी वाढली की त्यांच्या गोंगाटाने एन्लिल देवाची झोप उडाली. आधी रोगराई आणि दुष्काळ पाठवून झाले, तरी संख्या आटोक्यात येईना, तेव्हा पूर ठरला. माणसाला सांगायचे नाही अशी शपथ घातल्याने एआ देव बोरूच्या भिंतीलाच उद्देशून बोलतो आणि भिंतीपलीकडचा अत्राहसिस ते ऐकतो. ‘लेकी बोले सुने लागे’चा याहून जुना दाखला मला तरी ठाऊक नाही. पूर ओसरल्यावर काही स्त्रियांना वांझपण आणि काही अर्भकांना मृत्यू नेमून दिला जातो, म्हणजे लोकसंख्या पुन्हा वाढू नये. ‘उत्पत्ती’मध्ये मात्र पृथ्वी हिंसेने भरली म्हणून प्रलय येतो आणि शेवटी नोहाला आज्ञा होते ती फळण्याची, बहुगुणित होण्याची. सांगाडा तोच ठेवून कथेचा अर्थ पार उलटा केला आहे, आणि हिब्रू लेखकाचे स्वतःचे कर्तृत्व नेमके तेथे आहे.

प्रश्न: मनू आणि मत्स्य यांची कथाही मेसोपोटेमियातूनच आली का?

उत्तर: तसे खात्रीने म्हणता येईल असा, पक्ष्यांसारखा किंवा डांबरासारखा दुवा येथे मिळत नाही. ही कथा प्रथम सविस्तर येते ती शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात, आणि तेथील तिचे रूप पुराणांतून परिचित झालेल्या रूपापेक्षा फार साधे आहे. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात मनूच्या हाती एक मासोळी येते आणि म्हणते, ‘बिभृहि मा पारयिष्यामि त्वा’, म्हणजे मला सांभाळ, मी तुला पार नेईन. लहान आहोत तोवर मासाच माशाला गिळतो, अशी तिची अडचण असते. मनू तिला आधी घटात, मग खड्ड्यात आणि शेवटी समुद्रात ठेवतो. पूर येतो तेव्हा तो माशाच्या शिंगाला नावेची दोरी बांधतो, उत्तरेकडील पर्वतापर्यंत पोहोचतो, नाव झाडाला बांधतो आणि पाणी उतरेल तसतसा खाली उतरतो.

येथे सप्तर्षी नाहीत, बीजे नाहीत, प्राण्यांच्या जोड्या नाहीत. मनू एकटाच उरतो. मासा म्हणजे विष्णू असेही म्हटलेले नाही आणि पूर का आला, याचे कारणही कोणी सांगत नाही. कारण ग्रंथकाराचे लक्ष पुराकडे नाहीच. मनूने पाण्यात तूप, दही इत्यादींची आहुती दिली आणि वर्षभराने त्यातून इडा ही स्त्री प्रकटली. यज्ञातील इडा नावाच्या विधीचे मूळ सांगण्यासाठी ही सारी कथा तेथे आली आहे. पुढे महाभारताच्या वनपर्वात मासा स्वतःला ब्रह्मदेव म्हणवतो आणि नावेत सप्तर्षी व बीजे येतात. भागवतात तो विष्णूचा अवतार ठरतो, मनूच्या जागी कृतमाला नदीकाठचा द्रविड राजा सत्यव्रत येतो आणि वेद चोरणाऱ्या हयग्रीवाची कथाही तिला जोडली जाते.

प्रश्न: उत्खननात खऱ्या महापुराचा पुरावा मिळाला आहे ना?

उत्तर: पुरांचा मिळाला आहे, एका जागतिक महापुराचा नाही. 1929 मध्ये पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुली यांना मेसोपोटेमियातील उर या नगरात गाळाचा जाड थर लागला आणि त्यांनी तो प्रलयाशी जोडला. परंतु इतर नगरांतील असे थर तपासल्यावर ते वेगवेगळ्या काळांतील निघाले. त्यांपैकी शुरुप्पकचा थर मात्र लक्ष देण्याजोगा आहे. तो सुमारे इ. स. पूर्व 2900 चा आहे आणि उत्नपिश्तिम हा शुरुप्पकचाच रहिवासी असल्याचे काव्य सांगते. एखाद्या दारुण स्थानिक पुराची आठवण कथेच्या मुळाशी असणे शक्य आहे. त्यापलीकडे हा गाळ काही सांगत नाही. काळ्या समुद्राचे पात्र सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वी अचानक भरले, असा विल्यम रायन आणि वॉल्टर पिटमन यांचा 1997 मधील सिद्धान्त आहे, पण ते पाणी किती आणि किती वेगाने आले, यावरच भूशास्त्रज्ञांत एकमत नाही.

प्रश्न: प्रत्येक प्राचीन संस्कृतीत प्रलयकथा आहे, हे खरे का?

उत्तर: नाही. इजिप्तमध्ये माणसांचा संहार होण्याची कथा आहे, पण तो पुराने होत नाही. नाईलचा पूर दरवर्षी ठरल्या वेळी सुपीक गाळ घेऊन येई, आणि तेथे भीती असे ती तो न येण्याची. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्या मात्र वसंतात, नेमके पीक शेतात उभे असताना फुगत. चीनमध्ये महापूर आहे, पण तेथे तारू नाही आणि देवाची शिक्षाही नाही. गुन बांध घालून पाणी अडवू पाहतो आणि फसतो, तर त्याचा मुलगा यू प्रवाहांना वाट करून देत पाणी समुद्राकडे नेतो. त्या कामात असताना तो तीनदा आपल्या घराच्या दारावरून गेला आणि एकदाही आत शिरला नाही, असे सांगतात.