फ्रेमला सीआरसी असताना टीसीपीला चेकसम कशासाठी?

प्रश्न : इथरनेटच्या (तारेने संगणक जोडण्याच्या पद्धतीच्या) प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बिटांच्या गठ्ठ्याच्या, शेवटी ३२ बिटांचा सीआरसी (चूक ओळखण्यासाठी जोडलेले तपासणीचे बिट) असतो आणि तो जवळजवळ सगळ्या चुका पकडतो, असे आम्हाला पदविकेच्या वर्गात शिकवले. मग टीसीपीमध्ये (दोन टोकांच्या संगणकांत मजकूर नीट पोहोचवणाऱ्या नियमावलीत) त्याहून कमकुवत असा १६ बिटांचा चेकसम पुन्हा कशासाठी? आणि सापडलेली चूक जागच्या जागी दुरुस्त का करत नाहीत?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : आधी सीआरसीचे बळ कशात आहे ते पाहू. सीआरसी म्हणजे भागाकारात उरलेली बाकी; मात्र या भागाकारात हातचा नसतो आणि वजाबाकीच्या जागी एक्सऑर (दोन बिट सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १) करतात. समजा ११०१ हे बिट पाठवायचे आहेत आणि १०११ हा भाजक दोन्ही बाजूंना ठाऊक आहे. मागे तीन शून्ये जोडून ११०१००० ला भागले की बाकी ००१ उरते, म्हणून तारेवरून ११०१००१ जातात, आणि घेणाऱ्याने त्याच भाजकाने भागल्यावर बाकी शून्य यावी लागते. हे कागदावर जरूर करून पाहा आणि मग त्या सातांपैकी कोणतेही एक किंवा दोन बिट उलटे करून पुन्हा भागा. बाकी शून्य येणार नाही. डब्ल्यू. वेस्ली पीटरसन यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीचा मोठा गुण असा की, तारेवरचा गोंगाट बहुधा लागोपाठचे बिट बिघडवतो आणि नेमका तसा बिघाड तिच्या नजरेतून सुटत नाही: ३२ बिटांचा सीआरसी ३२ बिटांच्या पट्ट्यातला कोणताही बिघाड हमखास पकडतो.

चेकसम त्यामानाने भोळा आहे. तो १६-१६ बिटांच्या गटांची बेरीज करतो, आणि बेरजेत क्रमाला महत्त्व नसल्याने दोन गटांची अदलाबदल झाली तरी त्याला काही कळत नाही. तुमची शंका इथपर्यंत अगदी रास्त आहे.

पण खरा मुद्दा तपासणी किती कडक आहे हा नसून ती कुठून कुठपर्यंत चालते हा आहे. सीआरसी एका दुव्यापुरता, म्हणजे लगतच्या दोन यंत्रांमधल्या जोडणीपुरता असतो. राउटर (वाटेत मजकूर पुढे धाडणारे यंत्र) आलेल्या फ्रेमचा सीआरसी तपासतो, फ्रेमचे वेष्टन काढून टाकतो, आतले पॅकेट, म्हणजे मजकुराचा तुकडा, आपल्या मेमरीत ठेवतो आणि पुढच्या दुव्यासाठी नवी फ्रेम बांधून नवा सीआरसी काढतो. या दरम्यान मेमरीतल्या दोषामुळे किंवा सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे एखादा बिट पालटला, तर नवा सीआरसी त्या बिघडलेल्या मजकुरावरच काढला जातो आणि पुढच्या यंत्राला सगळे ठीकठाक दिसते. टीसीपीचा चेकसम मात्र पाठवणारा संगणक काढतो आणि अखेरचा घेणारा संगणक तपासतो, त्यामुळे वाटेतल्या यंत्रांच्या पोटात झालेला बिघाडही त्याच्या कक्षेत येतो.

हा धोका केवळ पुस्तकी नाही. जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या दुव्यांवर सीआरसीच्या हातून चार अब्जांत एखादीच चूक सुटायला हवी होती, तिथेही दर ११०० ते ३२,००० पॅकेटांमागे एक पॅकेट टीसीपीच्या चेकसमला उतरत नव्हते. माझ्या मते हा निष्कर्ष प्रत्येक वर्गात शिकवला गेला पाहिजे, कारण चेकसम ही जुन्या काळातली उरलेली औपचारिकता आहे असा समज त्याने पार पुसला जातो. त्याचबरोबर चेकसमच्या भोळेपणामुळे काही बिघाड त्यालाही चुकवतात, म्हणूनच मोठी फाइल उतरवून घेतल्यावर तिचा एसएचए-२५६ हॅश (संपूर्ण फाइलवरून काढलेला २५६ बिटांचा ठसा) ताडून पाहणे शहाणपणाचे असते.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्येच दुरुस्ती करणारे कोड मांडले होते, पण त्यांच्या प्रसिद्ध रचनेत ४ बिटांमागे ३ जादा बिट लागतात. तारेवर चुका विरळ असतील तर एवढा भार सतत वाहण्यापेक्षा खराब फ्रेम टाकून द्यावी आणि मजकूर पुन्हा मागवावा, हे स्वस्त पडते. इथरनेट फ्रेम टाकून देते व कोणाला कळवतही नाही. पोच आली नाही की टीसीपी आपणहून पुन्हा पाठवते. पुन्हा मागवणे परवडत नाही तिथे हिशेब उलटतो. व्हॉयेजर १ या दूरच्या अवकाशयानाचा संदेश पृथ्वीवर पोहोचायला २० तासांहून अधिक लागतात, म्हणून तिथे दुरुस्तीचे बिट सोबतच पाठवावे लागतात. वाय-फायच्या रेडिओतही गोंगाट फार असल्याने आधी दुरुस्ती होते, आणि दुरुस्त झालेली फ्रेम त्यानंतर पुन्हा ३२ बिटांच्या सीआरसीने तपासली जाते.