पहिला रणगाडा रंगवणाऱ्या भावासाठी

भाऊ, प्लास्टिक मॉडेलच्या पहिल्याच किटला एअरब्रश (हवेच्या दाबानं रंग फवारणारं यंत्र) घेऊ नको. 1:35 चा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा, साधा रणगाडा घे आणि आधी सांधे घासून जोडायला शीक.

रंगाचं म्हणशील तर नागपूरचा मे महिना हा आपला खरा शत्रू. अॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो, म्हणून सकाळी सहाला बस, रिटार्डरचे (रंग हळू वाळवणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब टाक. कूलरसमोर लॅकर, म्हणजे झटपट वाळणारं वार्निश, मारू नको! त्या ओल्या हवेनं वार्निशवर पांढरट धुरळा येतो. माझा एक अख्खा टरेट (तोफेचा फिरता घुमट) असाच गेला, आणि दोष कूलरचा नव्हता, माझ्या आळसाचा होता.

आता वेदरिंग, म्हणजे मॉडेल वापरून झिजलेलं, मळलेलं दाखवणं. इथंच सगळे वाहवतात. हिशोब साधा आहे: 1:35 मध्ये मॉडेलवरचा 1 मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटर. तू स्पंजनं मारलेला तो 'छोटासा' ओरखडा खऱ्या रणगाड्यावर तळहाताएवढा होतो. म्हणून स्पंज आधी कागदावर टिपून जवळजवळ कोरडा कर. रंग निघतो तो हॅचच्या (आत शिरायच्या झाकणाच्या) कडांना, माणसं चढतात तिथं. टरेटच्या मधोमध कशाला निघेल? वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) एनॅमलचाच घे: खालचा अॅक्रिलिक नीट वाळलेला असला तर एनॅमलचा थिनर त्याला धक्का लावत नाही, चुकलं की पुसता येतं.

आणि चिखल. आपली काळी माती हाताशी आहे म्हणून 1971 च्या भारत-पाक युद्धातल्या, बसंतरच्या लढाईतल्या सेंच्युरियन रणगाड्याला फासू नको. ती लढाई पाकिस्तानातल्या शकरगढ भागातली, तिथली माती फिकट तपकिरी. काळी कापसाची माती तिथं कुठून येणार, वर्ध्याहून?